उघाडीजवळची रास

३ मार्च २०२५, सोमवार. पेण

सकाळी दहाला पेणला पोहोचले. खोली पाहून मन प्रसन्न झालं. दुसरा मजला, दोन मोठ्या खिडक्या, पांढऱ्या भिंती, आणि फरशी अशी की कोपऱ्यातसुद्धा मळाची रेघ नाही. घरमालकांनी दोनदा विचारलं, एकट्याच राहणार का. मी सांगितलं, छत्तीस वर्षं एकेका वर्गात साठ-साठ मुलं सांभाळली, आता एकटीला राहायला मिळतंय याचा मला आनंदच आहे.

काम सोपं आहे. आमच्या संस्थेच्या पेण आणि रोहा तालुक्यांत अकरा शाळा. त्यांच्या प्रयोगशाळा तपासायच्या आणि अहवाल द्यायचा. बुधवारपर्यंत पेण, गुरुवार-शुक्रवार रोहा. निवृत्तीनंतर साताऱ्यात बसून लोणची घालण्यापेक्षा हे बरं.

वरकामाला बायजा नावाची बाई मिळाली. पंचेचाळिशीची, हात चपळ, तोंड त्याहून चपळ. खाडीकडच्या एका लहान गावातून येते. घरची मिठागरावरची माणसं. मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं की या खोलीत मासळी येणार नाही, तिचा वाससुद्धा येणार नाही. त्यावर ती म्हणाली, बाई, मग माझे हात कुठं काढून ठेवू? मला हसू आलं, पण दाखवलं नाही.

रोजनिशी नेहमीप्रमाणे वहीत. अहवाल लॅपटॉपवर.

५ मार्च, बुधवार. पेण

लॅपटॉप शाळेतल्या सहकाऱ्यांनी निरोपाला दिलेला. यंत्र उत्तम, पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून खुपते. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर कंपनीची लालभडक निशाणी दहा-बारा सेकंद पसरून बसते. वस्तू माझी, आणि उघडताक्षणी पाटी दुसऱ्याची. मी जाहिरात म्हणून जन्माला आलेली नाही.

बाजारातल्या दुकानात धनेश नावाचा तरुण आहे, त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, मॅडम, आतलं वॉलपेपर बदला की, ते सुरुवातीचं कोण बघतंय. मी म्हटलं, मी बघते. मग त्याने समजावलं की यंत्राच्या पोटात अगदी तळाशी एक जागा असते, बाकी काही जागं होण्याआधी तिथलं चित्र पडद्यावर येतं. ते बदलता येतं. फक्त चित्र ठरल्या मापाचं हवं आणि काम चालू असताना चार्जर निघता कामा नये. गणपती टाकून देऊ का, असं त्याने विचारलं. पेणमध्ये सगळे तेच टाकतात म्हणे. देवाची जागा देव्हाऱ्यात. अहवाल उघडताना रोज दहा वेळा त्याला कशाला उठवायचं? मला काहीतरी स्वच्छ हवंय. पांढरं, शांत, अक्षर नसलेलं.

९ मार्च, रविवार. पेण

बायजाला सहज विचारलं, इथे सगळ्यात पांढरं काय? ती म्हणाली, आमचं मीठ. आज तिच्याबरोबर मिठागर पाहून आले.

दृश्य खरोखर छान. चौकोनी वाफे, त्यांत आकाश उतरलेलं आणि काठाने मिठाच्या राशी. वास मात्र भयंकर. खाडीच्या चिखलाला कुजलेल्या अंड्यांचा वास येतो. रसायनशास्त्रात बी. एस्सी. केलेल्या बाईला त्याचं कारण ठाऊक असतं, पण कारण ठाऊक असल्याने नाक बंद होत नाही. चिखलात बोटभर लांबीचे मासे पोटावर सरपटत होते. डोळे डोक्यावर, अंग शेंबडासारखं बुळबुळीत. निवट्या म्हणतात. त्या लोक खातात. मी दुसरीकडे पाहिलं.

बायजाचा सासरा काळुराम. पंच्याहत्तरीचा, काटक. खाडी आणि वाफे यांच्यामध्ये मातीचा बांध आहे आणि त्यात फळ्यांचं पाण्याचं दार. त्याला उघाडी म्हणतात. उधाणाला फळ्या काढून खाडीचं पाणी आत घ्यायचं, मग फळ्या परत बसवायच्या. हे काम काळुरामचं. उघाडीजवळ बांधावर एक रास वेगळी ठेवलेली असते. ती कोणी विकत नाही, तुडवत नाही. फळ्या काढण्याआधी म्हातारा तिच्यासमोर उभा राहून सांगतो, उघडतो. मग काम झालं की खाडीच्या बाजूने फळ्या बसवतो, बांधावरून चढून आतल्या बाजूला येतो, राशीवर हात ठेवतो आणि सांगतो, मिटलं. आधी स्वतः आत, मग मिटलं. हा क्रम कधी चुकायचा नाही. पाण्याची राखण करणारं जे काही आहे ते त्या राशीत बसतं, अशी त्यांची समजूत. समजूत जाऊ दे. शिस्त मला आवडली. उघडल्याची आणि मिटल्याची, दोन्ही वर्दी. प्रयोगशाळांच्या दारांना हीच शिस्त असती तर मला इथे यावंच लागलं नसतं.

फोटो मात्र मी त्याच राशीचा काढला. बाकीच्या राशींवर पावलांचे ठसे होते, प्लास्टिकची घमेली होती. बायजा म्हणाली, ती नको गो बाई, दुसरी घे. एकदम अगं-तुगं. मग जीभ चावून म्हणाली, दुसरी घ्या. मी म्हटलं, मीठ नेत नाही, नुसतं चित्र नेते.

घरी जाऊन तिची मुलगी किमया पाहिली. बाळंतपणाला आली आहे, दिवस भरत आलेत. घर बांधाच्या अगदी पायथ्याशी. अंगणातून वर पाहिलं तर बांधावर तीच रास दिसते.

११ मार्च, मंगळवार. पेण

धनेशने काम चोख केलं. आता बटण दाबलं की काळ्या पडद्यावर ती शुभ्र रास येते, दहा-बारा सेकंद थांबते आणि जाते. मी उगाचच चार वेळा बंद करून चालू केलं.

१३ मार्च, गुरुवार. रोहा

पेणहून गाडीने आले. कासूपर्यंत खिडकीतून दोन्ही बाजूंना रिकामी भातशेतं.

शाळेने मुक्कामाला पहिल्या मजल्यावरची खोली दिली आहे. दिवसभरात पाच शिक्षकांना लॅपटॉप उघडून नमुन्याचा अहवाल दाखवला. दुपारी टेबलावर ओलीचं कडं दिसलं, ग्लास ठेवल्यासारखं, पण चौकोनी. शिपाई नाथा याला बोलले. त्याने शपथ घेतली की फडका कोरडाच होता.

संध्याकाळी खोलीत चिखलाचा तो वास आला. होळीसाठी मुलांनी काहीतरी घाण जमवली असेल.

१७ मार्च, सोमवार. पेण

लॅपटॉपची बटणं चिकट झाली आहेत. बोट उचलताना हलका आवाज येतो, ओला. बिजागरीवर पांढरट खपली धरली आहे. ती चाकूने खरवडून शाळेत नेली, पाण्यात विरघळवून सिल्व्हर नायट्रेट टाकलं. लगेच दह्यासारखा पांढरा साका. ज्योतीत धरली तर पिवळी. म्हणजे मीठ. घामानेही असं होतं, पण मला घाम येत नाही.

परीक्षानळीत साक्याखाली काहीतरी राहिलं होतं. भिंगातून पाहिलं. माशाचा खवला. नळी फेकून दिली आणि हात दोनदा धुतले.

बायजाला मुद्दाम विचारलं, मासळी हाताळून लॅपटॉप पुसतेस का? तिचा चेहरा पडला. म्हणाली, सोमवारची मी नाय खात, बाई.

१९ मार्च, बुधवार. पेण

चित्र बदललं आहे.

मी गोष्टी तोलून लिहिणारी बाई आहे, म्हणून नीट लिहिते. फोनमध्ये मूळ फोटो आहे. त्यात रास तळापर्यंत कोरडी, पांढरी. लॅपटॉप सुरू होताना येते तिच्या तळाशी राखाडी ओल चढली आहे, चार बोटं. ओलीच्या मधोमध एक भोक आहे. चिखलात निवट्यांची असतात तसं, कडा गुळगुळीत, ओठांसारख्या.

पडदा ओल्या फडक्याने पुसला. भोक जाईना. फडक्याला मात्र काळा चिखल लागला.

बायजाला मुलगी— नात झाली, काल. किमया आणि बाळ दोघी सुखरूप. पेढा दिला, मला गिळवेना. खारट लागला.

२० मार्च, गुरुवार. रोहा

मुख्याध्यापकांसमोर लॅपटॉप उघडला आणि पाणी सरळ टेबलावरून त्यांच्या पँटवर गेलं. गढूळ. पाठोपाठ बटणांच्या खालून एक निवटी बाहेर आली. आधी दोन डोळे, मग अंग. वहीवर पोट घासत गेली, तिच्यामागे लाळेचा पट्टा. आजच्या पानावर तो वाळलाय, त्यावर शाई बसत नाही.

नाथाने ती दोन बोटांनी उचलली. खाडीची दिसते, म्हणाला, पण बाई, खाडी कुठं नि हा माळा कुठं. मग खिशातल्या पिशवीत टाकली. संध्याकाळी कालवणात घालणार असावा. मी मोरीत जाऊन ओकले.

२२ मार्च, शनिवार. पेण

मी रोह्याला होते ते दोन दिवस बायजा आली नव्हती. आज आली, कमरेपर्यंत चिखल वाळलेला. बांध पाझरतोय म्हणाली. फळ्या बसवलेल्या आहेत, उधाण नाही, तरी पाणी आत येतंय. आणि उघाडीजवळची रास आतून ओली झाली आहे, भर उन्हात.

बोलताना मी लॅपटॉप सुरू केला, सवय. पडद्यावर रास आली. बायजाचा झाडू हातातून सुटला. तिने विचारलं, दिवसातून किती वेळा उघडता? मी म्हटलं, दहा-बारा. तिने विचारलं, आणि मिटताना काय सांगता?

मी म्हटलं, मिटताना चित्र येतच नाही.

२३ मार्च, रविवार. पेण

काळुराम आला. आत यायला तयार नाही, उंबऱ्याबाहेर बसला. चित्र दाखवा म्हणाला. दाखवलं. भोक आता मुठीएवढं आहे. त्याने तोंडावर हात ठेवला.

तो रागावला नाही, हेच जास्त लागलं. रोज दहा वेळा तुम्ही राशीतल्या राखणदाराला उघडतो म्हणून सांगितलंत, म्हणाला, तो बिचारा दार सोडून उभा राहिला. एकदा पण मिटलं नाय सांगितलंत. त्याला काय ठावं कंचं दार? मी म्हटलं, बाबा, हे नुसतं चित्र आहे. तो म्हणाला, मग पुसता कशाला? बायजा सांगत होती, रोज फडक्याने पुसता.

लॅपटॉप फोडून टाकू का, विचारलं. रास फोडली की बांध फुटतो, हे आमच्यात शेंबड्या पोराला ठावं, असं म्हणून तो उठला. मीठ-पाणी मला शिकवू नका, असं मी म्हणणार होते, तोवर तो जिना उतरला.

शिस्त मीच वाखाणली होती. अर्धी पाळली.

२४ मार्च, सोमवार. पेण

धनेशला म्हटलं, कंपनीची लाल निशाणी परत आण, मी पाया पडते. त्याने शोधलं. यंत्राच्या पोटात माझं चित्रच नाही. तिथे कंपनीचीच निशाणी आहे, आणि यंत्र म्हणतं तीच दिसतेय. तपासायला त्याने चार वेळा बंद-चालू केलं. चारही वेळा रास. चौथ्या वेळी त्याच्या टेबलावरून पाण्याची धार लागली.

मागचं झाकण उघडलं तर आत पंखा दिसेना. चिखल, काळा, लोण्यासारखा, आणि त्यात काहीतरी श्वास घेत होतं. वर-खाली, वर-खाली. धनेशने झाकण लावलं आणि साबणाने तीनदा हात धुतले. म्हणाला, मॅडम, घेऊन जा. माझ्याकडं पोरंबाळं येतात.

२६ मार्च, बुधवार. पेण

दोन दिवस सुरू केला नाही. काही फरक नाही. दार उघडंच आहे ना.

फरशीवर ओल. भिंतींना वीतभर पांढरी बुरशी— बुरशी नाही, मीठ. चहा खारट. बोटांची कातडी भिजून सैल झाली आहे, आंघोळीत सालासारखी निघते. खालून गुलाबी. मला माझ्या हातांची शिसारी येते.

गादीखाली निवट्या. कुंच्याने लोटल्या. एक पायाखाली फुटली.

२७ मार्च, गुरुवार

रोह्याला गेले नाही.

काळुरामने स्वतः राशीवर हात ठेवून मिटलं म्हणून पाहिलं. हात मनगटापर्यंत आत गेला, पेजेत गेल्यासारखा. राशीतल्याने ऐकलं नाही. ज्याने उघडलं त्यानेच मिटायचं, असं आहे म्हणे.

परवा अमावास्या. वर्षातलं मोठं उधाण, दुपारी साडेबाराच्या पुढे. बांध तोवर टिकला तर टिकला. बायजाला म्हटलं, किमयाला आणि बाळाला उद्याच इकडे आण. ती खोलीभर बघत राहिली. फरशीवर पाणी होतं, घोट्याएवढं.

म्हणाली, बाई, हितं?

मग म्हणाली, उद्या कासूला मावशीकडं धाडते.

२८ मार्च, शुक्रवार

करून पाहिलं. बटण दाबलं. रास आली. हात ठेवायला गेले. काच नाही— मऊ. गार. भोकाच्या कडा बोटांना लागल्या, आणि त्या हलल्या. चोखल्या.

हात ओढून घेतला. शब्द तोंडातून निघाला नाही. दहा सेकंद संपले.

बेडूक कापताना तोंड फिरवणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं करायची. पुष्कळ मुली. आज मी मोरीत बसून आहे आणि हात घासते आहे.

उद्या.

२९ मार्च, शनिवार. सकाळी अकरा

बायजाचा फोन. काल संध्याकाळीच रस्त्यावर पाणी आलं, किमया निघू शकली नाही. बाळाला घेऊन माळ्यावर आहे. बायजा आणि म्हातारा बांधावर, चिखलाच्या गोणी टाकतायत. मागे वारा आणि बाळाचं रडणं ऐकू आलं. बायजाने मला काही करा म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, बाई, तुमच्याकडं पण पाणी असंल, जपा.

अकरा दिवसांचं मूल.

माझी चूक आहे. चूक केली की उभं राहून ती निस्तरायची, हेच शिकवत आले.

साडेबारा वाजता उजवा हात.

दुपारी

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षराला इलाज नाही.

ठेवला. आत गेला. कोपरापर्यंत. दात नाहीत, नुसते ओठ, आणि आत गरम. वास— लिहीत नाही. शब्द म्हटला. मोठ्याने, वर्गात म्हणावा तसा. मिटलं.

फळ्या बसल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन. लाकडावर लाकूड.

बायजाचा फोन. रडत होती, हसत होती. पाणी उतरतंय म्हणाली, रास वाळली, बाबा बांधावर बसून विडी ओढतोय, किमया खाली आली. उद्या पाडव्याला गोड घेऊन येते. बाई, तुमी बऱ्या हाव ना?

हो म्हटलं.

पडदा काळा झालाय. लॅपटॉप बंद. हात निघत नाही. खांद्यापर्यंत गेलाय.

खोली कोरडी नाही. उलट. पाणी कमरेला— वही उंचावर टेकवली आहे— भिंतींचा पांढरा रंग दिसत नाही, चिखल आहे, चारी बाजूंना, आणि त्यात डोळे, जोडीजोडीने—

समोर फळ्या. ओल्या, शेवाळलेल्या. फटीतून ऊन येतंय, पलीकडे कोणीतरी विडी ओढतंय. वास येतो.

म्हातारा आधी चढून आत यायचा. मी वहीत लिहिलंय. नऊ तारखेला. आधी स्वतः आत, मग

मी खाडीच्या बाजूला उभी राहून